कोऱ्या कागदावरचा चेहरा

१

भर दुपारी त्या घरातले सगळे दिवे चालू होते.

फौजदारबाई दारातून आत आल्या तेव्हा त्यांच्या नजरेत आधी तेच भरलं. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, खिडक्या सताड उघड्या, आणि तरी जिन्यावर, माडीवर, अगदी न्हाणीघरातसुद्धा लख्ख पांढरे बल्ब जळत होते. त्या उजेडात जिन्याच्या पायथ्याशी मामी पडल्या होत्या. मान भिंतीकडे वळलेली, एक चप्पल पायात, दुसरी चार पायऱ्या वर.

तळमजल्यावर शिवणकाम करणारी एक भाडेकरीण राहायची. धप्प असा आवाज तिनं ऐकला होता, पण मशीन चालू होतं आणि हातात लग्नाघरचा ब्लाउज होता. काहीतरी पडलं असेल म्हणून ती शिवत राहिली. बाही जोडून झाल्यावर बाहेर येऊन बघते तर हे. तिनं समोरच्या गल्लीतल्या डॉक्टरांना हाक मारली आणि मग पोलिसांना फोन केला.

जिन्याच्या वर, बरोबर पायऱ्यांच्या समोर, आरामखुर्चीत मामा बसले होते. लोक पोलिसांना मामा म्हणतात, आणि पोलीस ह्यांना मामा म्हणत. तीस वर्षं त्यांनी पोलिसांसाठी चेहरे काढले होते. घाबरलेल्या माणसाच्या तुटक चार शब्दांवरून ते असा चेहरा उभा करत, की चोर लाठीपेक्षा मामांच्या पेन्सिलीला जास्त भ्यायचे. फौजदारबाई नव्यानं नोकरीला लागल्या तेव्हा ह्याच माणसाशेजारी बसून त्या बघायला शिकल्या होत्या.

त्यांच्या पावलांचा आवाज येताच मामांनी मान वर केली.

"मी पाहिलं, पोरी," ते म्हणाले. "आपल्याच पोरानं ढकललं तिला."

आपलं पोर म्हणजे मामांचा भाचा. आई गेल्यावर मामा-मामींनी त्याला पोटच्या मुलासारखा वाढवला होता. मामा एकेक तपशील सांगत गेले: पिवळा रेघांचा सदरा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कपाळावर आलेली बट, दाट मिशी. उजव्या हातानं त्यानं मामींच्या खांद्याला धक्का दिला. मग तो मामांजवळ आला, क्षणभर थांबला आणि जिना उतरून गेला. सांगताना त्यांचा आवाज एकदाही अडखळला नाही. नजर मात्र फौजदारबाईंच्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे लागलेली होती. आभाळ कोसळल्यावर माणूस असाच बघतो, असं त्यांना वाटलं.

एवढ्यात समोरच्या गल्लीतले ते घरचे डॉक्टर वर आले. वीस वर्षं ह्या घरातला ताप-खोकला त्यांनीच बघितलेला. त्यांचेही डोळे भरून आले होते. त्यांनी मामांच्या एका तळव्यावर झोपेची गोळी ठेवली, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला दिला आणि त्यांची बोटं एकेक करून पेल्याभोवती मिटवली.

"घ्या मामा. थोडं पडा आता."

फौजदारबाईंनी जीपमधून माणसं पाठवली. भाचा तासाभरात बस-स्थानकावर सापडला, दुसऱ्या शहरात जाणाऱ्या गाडीच्या रांगेत. मामी गेल्याचं ऐकून तो मटकन खाली बसला, असं शिपायानं सांगितलं. त्याला चौकीत आणून उभा केला तेव्हा फौजदारबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या.

त्याला मिशीच नव्हती.

२

मिशी त्यानं महिन्यापूर्वीच काढली होती. दुसऱ्या शहरात नोकरीची मुलाखत होती, तिथं नीटनेटकं जायचं म्हणून. मामी हसून म्हणाल्या होत्या, कसा सोललेल्या लसणासारखा दिसतोयस. मामांनी मात्र चकार शब्द काढला नव्हता.

"ते माझ्यावर रुसलेत," भाचा म्हणाला. "मी गाव सोडतोय म्हटल्यापासून. पाणी पुढे केलं तर हात पुढे करत नाहीत, पेला धरून धरून माझाच हात दुखतो. समोर उभा राहिलो तर माझ्या पलीकडे बघतात. बाई, ज्या माणसानं मला रेघ ओढायला शिकवली, तो माझ्याकडे बघायला तयार नाही."

गाव सोडण्यावरून घरात भांडण झालं होतं हे त्यानं कबूल केलं. आदल्याच दिवशी झालं होतं, आणि ते शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ऐकलं होतं. दुपारी तो गाडीची चौकशी करत फिरत होता. त्याला ओळखणारं कुणी तिथं भेटलं नव्हतं.

साहेबांना फौजदारबाईंनी मिशीचं सांगितलं. साहेब म्हणाले, म्हाताऱ्या माणसाची बायको डोळ्यांदेखत गेली, त्यात मिशी काय घेऊन बसलात. मामांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ते खरंच होतं, आणि म्हणूनच ते फौजदारबाईंना पटेना. दुसरा कुणी मिशी चुकला असता. मामा साक्षीदाराला मिशीच्या केसांची दिशा विचारायचे.

शिवणवालीकडून एक वेगळीच गोष्ट कळली. गेले दोनेक महिने मामींचा आवाज छतातून सारखा खाली यायचा. "डावीकडे, हं, अजून थोडं. आता बसा. चमचा उजवीकडे." तिला आधी वाटलं, घरात सामान हलवताहेत. मग वाटलं, म्हातारपणी बायको फार हुकूम सोडायला लागली. आणि त्या दुपारी? धप्प झाल्यावर कुणी धावलं नव्हतं. दोरा ओवायला तिनं मशीन थांबवलं तेव्हा कुणीतरी सावकाश जिना उतरलं आणि फाटकाची कडी अलगद लावून गेलं.

"घरच्यासारखं," ती म्हणाली, आणि आपणच बोललेल्या शब्दानं तिच्या अंगावर काटा आला.

डॉक्टरांनी मामांच्या तब्येतीची ग्वाही दिली. वय झालंय, चक्कर येते अधूनमधून, बाकी ठणठणीत. आपण रोज बघतो त्यांना. "आणि नजर म्हणाल तर घारीची. त्यांनी पाहिलं म्हणजे पाहिलं."

फौजदारबाईंनी ठरवलं, मामांकडूनच त्या चेहऱ्याचं चित्र काढून घ्यायचं. माणूस बोलण्यात चुकेल, पण मामांचा हात चुकणार नाही.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माडीवर गेल्या तेव्हा मामा त्याच खुर्चीत होते. मामांच्या विधवा वहिनी सोबतीला आल्या होत्या आणि घरात अजूनही सगळे दिवे चालू होते. वहिनींनी खट्कन बटण दाबून बंद केले की मामा म्हणत, किती अंधारलंय, दिवा लाव. मामींनी गेल्या महिन्यात तीनदा बल्ब बदलून आणले होते, असंही वहिनींनी हळूच सांगितलं.

मामांच्या चष्म्यावर बोटांचे ठसे आणि धुळीचा थर होता. एरवी धोतराच्या सोग्यानं घटकेघटकेला काच पुसणारा हा माणूस. फौजदारबाईंनी तो चष्मा काढून पुसला आणि परत त्यांच्या डोळ्यांवर ठेवला. मामांची नजर होती तिथंच राहिली.

"मामा, जिन्यावर कोण होतं त्याचा चेहरा काढून द्याल?"

मामांची पाठ ताठ झाली. दुःख बाजूला सरलं आणि कामातला माणूस जागा झाला. "दे कागद," ते म्हणाले. पेन्सिल कुठं सापडेना, तेव्हा फौजदारबाईंनी पिशवीतलं पेन त्यांच्या हातात दिलं आणि मांडीवर फळी ठेवून कागद लावला.

मामांनी पहिली रेघ ओढली. पेन उमटलं नाही.

त्यांनी दुसरी ओढली. शाई संपलेली होती. फौजदारबाई दुसरं पेन काढायला पिशवीत हात घालणार, तोच त्यांचं लक्ष मामांच्या चेहऱ्याकडे गेलं आणि हात तिथंच थांबला.

मामा थांबले नव्हते. डोकं किंचित कलतं करून, जीभ दाताखाली धरून ते काढत होते. मनगट हलकं फिरत होतं, डोळ्यांपाशी सावकाश, केसांपाशी भरभर. मधेच हात लांब करून ते कागद न्याहाळत, समाधानानं हुंकार देत, पुन्हा वाकत. वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

शेवटी मामांनी कोपऱ्यात सही केली आणि कागद उचलून समोर धरला.

"हा बघ. ह्यात काही फरक करू नकोस. कान थोडे मोठे वाटतील, पण ते तसेच आहेत."

कागद कोरा होता.

४

जीपमध्ये बसल्यावर फौजदारबाईंनी पेन्सिलीचं टोक आडवं धरून कागदावर हलक्या हातानं घासलं. शाई नसली तरी निबेचे चरे उठले होते. करड्या छटेतून पांढऱ्या रेघा वर यायला लागल्या. आधी एक डोळा आला, अगदी जिवंत. त्याच्यावरच दुसरा, मग तिसरा. नाकावर ओठ, ओठांवर कपाळाची बट, आणि सगळ्याच्या वर, कागदाबाहेर जाता जाता राहिलेली, दाट मिशी. एकेक अवयव बघावा तर भाच्याचा, हुबेहूब. सगळे मिळून माणसाचा चेहरा होत नव्हता. बाईंनी तो कागद उलटा करून मांडीवर ठेवला.

गावात मोठ्या इस्पितळात मेंदूच्या एकच डॉक्टर होत्या. चष्म्याला दोरी लावलेल्या, थकलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी कागद बराच वेळ पाहिला.

"हे चित्र काढणाऱ्याची बायको कुठंय?" त्यांनी विचारलं. "आज सकाळी त्या दोघांना मी वेळ दिली होती. मी वाट बघत बसले."

मामींनी त्यांना फोन केला होता. दोन महिन्यांपूर्वी मामांचं डोकं एकाएकी भयंकर दुखलं, ते पडले. घरच्या डॉक्टरांनी पित्त म्हणून गोळी दिली आणि झोपवलं. दुसऱ्या दिवसापासून ते भिंतीवर आपटायला लागले, ताटाबाहेर हात घालायला लागले, पण म्हणत, मला सगळं दिसतंय. मामी डॉक्टरांना रोज विचारत आणि डॉक्टर रोज सांगत, येईल नजर हळूहळू, कुणाला बोलू नका, त्यांना धक्का बसेल.

"म्हणजे मामा आंधळे आहेत?" फौजदारबाईंनी विचारलं. "आणि त्यांना ते माहीत नाही?"

मेंदूच्या डॉक्टरांनी टेबलावरची प्लास्टरची कवटी जवळ ओढली आणि तिच्या मागच्या बाजूला, झोपताना जो भाग उशीला टेकतो तिथं, बोट ठेवलं. "डोळे नुसत्या खिडक्या. बघण्याचं काम इथं होतं. इथला रक्तपुरवठा दोन्ही बाजूंनी तुटला की खिडक्या उघड्या आणि घरात कुणी नाही. घरचा डॉक्टर डोळ्यांत बॅटरी मारेल तर बाहुली नीट आकसेल, कारण ती वाट वेगळी आहे."

"पण माणसाला अंधार तर कळेल?"

"कळवायचं कुणी? ते काम करणाऱ्या वाटाही काही माणसांत त्याच झटक्यात तुटतात. फार तर दिवे मंद आहेत म्हणतील. मग मेंदूचा बोलणारा भाग काय करतो? त्याला गप्प बसता येत नाही. तो आठवणींच्या कोठीतून जुनी चित्रं काढतो आणि समोर मांडतो. तो माणूस खोटं बोलत नाही, बाई. त्याला खरंच दिसतं."

आणि हात? हात कसा इतका अचूक? त्यांनी बोट मानेच्या वर सरकवलं. तिथला लहान मेंदू हाताची सवय सांभाळतो, त्याला धक्का लागलेला नाही. ऐकणारा भाग कानशिलांशी, तो शाबूत. स्पर्श डोक्याच्या माथ्याशी, तोही.

"मामींना तुम्ही आणखी काय सांगितलंत?"

"त्याच दिवशी आणलं असतंत तर थोडीफार नजर वाचली असती, असं सांगितलं. त्यांनी ते मला परत म्हणायला लावलं. मग म्हणाल्या, मग आमचे डॉक्टर रोज येऊन काय बघत होते?"

५

फौजदारबाई परत माडीवर गेल्या. आता त्यांना त्या उजळलेल्या घरात पाऊल टाकायला भीती वाटत होती. खुर्चीतला माणूस हसून त्यांच्या दिशेनं बघत होता आणि त्या नजरेच्या मागं कुणी नव्हतं.

त्या जवळ बसल्या. आता काय दिसलं हे विचारायचं नव्हतं.

"मामा, जिन्यावरून आल्यावर तो तुमच्याजवळ थांबला म्हणालात. थांबून काय केलं?"

"काही नाही. उभा राहिला."

"बोलला?"

"नाही. श्वास जोरात चालला होता त्याचा." मामांनी कपाळाला आठ्या घातल्या. त्यांच्या दंडावरचे केस उभे राहिलेले बाईंना दिसले. "माझा हात धरला त्यानं."

"कसा? माझा धरून दाखवा बघू."

मामांनी हात पुढे केला, हवेत चाचपला. बाईंनी आपला हात त्याच्याखाली नेऊन ठेवला. मामांनी तो उलटा केला, तळवा वर, आणि अंगठ्याच्या खाली मनगटावर तीन बोटं ठेवली. जवळजवळ, सारख्या दाबानं. मग मान खाली घालून, काही मोजत असल्यासारखे, स्तब्ध राहिले.

"अस्सा," ते म्हणाले. "पोरगं असा हात का धरेल, हे मला तेव्हाही कळलं नाही."

बाईंना आपल्याच नाडीचे ठोके ऐकू यायला लागले.

६

दवाखान्यात दुपारी कुणी नव्हतं. डॉक्टर पंख्याखाली बसले होते आणि बाईंना बघून उठले, खुर्ची दिली.

फौजदारबाईंनी आवाज चढवला नाही. त्या म्हणाल्या, पहिल्या दिवसापासून एक गोष्ट मला खटकायला हवी होती. ज्या माणसाच्या नजरेला अख्ख्या गावातले चोर भीत होते, त्याच्या डोळ्यांसमोर, भर उजेडात, त्याच्या बायकोला कोण ढकलेल? ढकललं रागाच्या भरात असं धरू. पण मग त्या माणसाजवळ जाऊन उभं राहील? सावकाश जिना उतरून कडी लावून जाईल? मामांना दिसत नाही हे ज्याला पक्कं ठाऊक आहे, तोच. भाच्याला ते ठाऊक नव्हतं. मामा रुसलेत म्हणून तो पाण्याचा पेला धरून ताटकळत उभा राहायचा. शिवणवालीला ठाऊक नव्हतं, तिला वाटलं सामान हलतंय. ठाऊक होतं मामींना, आणि आणखी एका माणसाला.

"काल तुम्ही मामांची बोटं पेल्याभोवती मिटवलीत," बाई म्हणाल्या. "आणि मला सांगितलंत, घारीची नजर."

डॉक्टर टेबलावरचं कागदवजन हलवत राहिले. "मी रोज जातो तिथं. माणसाला धक्का बसलाय, हात थरथरतोय, त्याला पेला नीट दिला. एवढ्यावरून?"

"एवढ्यावरून नाही." बाईंनी त्यांचा हात ओढून उलटा केला आणि मनगटावर तीन बोटं ठेवली. "मामांनी मला हे शिकवलं आज. त्यांना तो भाचा दिसला, कारण घरात येणारा-जाणारा पुरुष म्हणून त्यांच्या कोठीत तेच चित्र वरती होतं. चेहरा मेंदूनं रंगवला. पण हा स्पर्श रंगवलेला नाही."

डॉक्टरांनी हात सोडवून घेतला नाही.

मग ते बोलले, खालच्या आवाजात, सलग, बरेच दिवस कुणाला तरी सांगायचं होतं तसे. पित्त नव्हे हे त्यांना तिसऱ्या दिवशीच कळलं होतं. तेव्हा इस्पितळात पाठवलं असतं तर चूक उघडी पडली असती. आज पाठवू, उद्या पाठवू करता करता पाठवण्यात अर्थच उरला नाही. काल मामींनी जिन्याच्या तोंडाशी त्यांची वाट अडवली. उद्या आम्ही जातोय, म्हणाल्या, आणि तुम्ही काय केलंत ते गावाला सांगणार आहे. डॉक्टरांना फक्त तिथून निघायचं होतं. त्यांनी मामींना बाजूला सारलं.

"मागं वळलो तर मामा माझ्याकडेच बघत होते. थेट माझ्याकडे. वाटलं, एखाद्या वेळेस ह्यांना दिसतच असेल. म्हणून जवळ गेलो. नाडी शांत होती. अगदी शांत."

फौजदारबाई उठल्या. दाराशी शिपाई उभा होता.

"शवतपासणीत आलंय, मामी पडल्यावर बराच वेळ जिवंत होत्या," त्या म्हणाल्या. "उतरताना त्यांच्या शेजारून गेलात. त्यांची नाडी बघितलीत का?"

डॉक्टरांनी तोंड ओंजळीत लपवलं.

७

भाच्याला सोडलं. चौकीतून तो थेट घरी गेला आणि मामांच्या पायाशी बसला. मामांनी त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवला तेव्हा ओठांवर बोटं थांबली. ते गोंधळले आणि बोटं पुन्हा एकदा तिथून फिरवली. भाच्यानं नोकरी नाकारल्याचं कळवून टाकलं.

मामांना सांगायचं काम फौजदारबाईंवर आलं. मेंदूच्या डॉक्टर म्हणाल्या होत्या, सांगा, पण पटेल अशी आशा धरू नका. आणि पुढे त्यांना काय काय दिसेल, ते मला सांगता येत नाही.

बाईंनी सगळं सांगितलं. डॉक्टरांचं, डोकेदुखीचं, जिन्यावरचं. पोरानं काही केलं नाही, हे मामांनी दोनदा विचारून घेतलं आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळलं. डोळ्यांना रडणं तेवढं येत होतं. मग बाईंनी शेवटचं सांगितलं.

मामा बराच वेळ ऐकत राहिले. आरोपीच्या वकिलाचं बोलणं ऐकावं तसे, शांतपणे, मधे न तोडता.

"तू हुशार आहेस, पोरी. तुझा तपास बरोबर असेल," ते म्हणाले. "ती गेली हे मला कळतं. जाळून आलो तिला, हाताला धग लागली. पण मला दिसत नाही म्हणतेस ना?"

त्यांनी हात उचलून खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे दाखवला. हात जराही चुकला नाही.

"मग ही कोण बसलीय? सकाळपासून वेणी घालतेय. आत्ता तुझ्याकडे बघतेय."

भाचा बाईंकडे बघायला लागला. खिडकीतून ऊन येऊन खुर्चीच्या बैठकीवर पडलं होतं. मामांच्या तोंडावर कित्येक दिवसांनी पहिल्यांदा निवांतपणा दिसत होता.

"खरं सांगू? मिटल्या डोळ्यांनीही दिसते," मामा हळूच म्हणाले. "त्याची मात्र भीती वाटते."

निघताना फौजदारबाईंना त्या खुर्चीच्या शेजारून जावं लागणार होतं. वाट अरुंद होती. त्यांनी साडीचा घोळ सावरला, अंग चोरलं आणि कुणाला धक्का लागू नये अशा बेतानं भिंतीला घासून बाहेर पडल्या.